लाडूची गोळी बंद करून चिनी पावडर द्यावी का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही सॅन होजेला राहतो, आमचा लाडू बीगल आहे, ११ वर्षांचा, वजन १२ किलो. दिवाळीपासून तो इतकं पाणी प्यायला लागला की रात्री तीनदा उठून त्याला शूला खाली न्यावं लागतं, पोट मडक्यासारखं झालंय, पाठीवरचे केस विरळ झालेत. टेस्ट केल्या, कुशिंग निघालं, म्हणजे अंगात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त बनतं तो आजार, त्यातही पिट्युटरी ग्रंथीमुळे होतं तो प्रकार. ट्रायलोस्टेनच्या कॅप्सूल सुरू केल्या आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला दोनदा उलटी झाली, मी घाबरलेच. मग इथल्या एका चिनी पद्धतीच्या व्हेटकडे गेलो, त्यांनी जीभ बघितली, मांडीच्या आतल्या बाजूची नाडी बघितली, किडनीचं यिन कमी आहे म्हणाल्या आणि दोन पावडरी दिल्या, सी मियाओ सान आणि झी बाय दी हुआंग. कॅप्सूल बंद करा असं त्या म्हणाल्या नाहीत, पण माझे सासरे म्हणतात की केमिकल बंद कर, झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो. काय करू? — लाडूची आई

उत्तर : लाडूची आई, आधी उलटीचं बोलू, पावडरींचं नंतर. ट्रायलोस्टेनचं कामच कॉर्टिसोल कमी करणं हे आहे, आणि ते कधीकधी गरजेपेक्षा खाली जातं, मग कुत्रा मलूल होतो, उलटी होते, जुलाब होतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो जेवत नाही. कुशिंगचा कुत्रा खादाड असतो, त्यात तुमचा बीगल, तो ज्या दिवशी ताटली हुंगून तोंड फिरवतो ना, त्या दिवशी त्याला कॅप्सूल द्यायची नाही आणि लगेच डॉक्टरला फोन करायचा. एसीटीएच टेस्ट (इंजेक्शन देऊन कॉर्टिसोल किती वर जातं ते बघणारी) आणि रक्तातलं सोडियम पोटॅशियम बघितलं की कळतं कॉर्टिसोल खाली गेलंय की उलटीचं कारण दुसरंच आहे. ही टेस्ट पहिल्या १० ते १४ दिवसांनी होते, मग साधारण महिन्याने, मग तीन महिन्यांनी, तुमची पहिली झाली का हे तुम्ही लिहिलेलं नाहीये. झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या. डोस कमी करून नीट बसतो बऱ्याच कुत्र्यांना, त्यासाठी औषधच सोडून द्यायची गरज नसते. आणि कॅप्सूल नेहमी जेवणाबरोबर, रिकाम्या पोटी दिली तर ती नीट शोषली जात नाही.

आता सासऱ्यांचं म्हणणं. त्यांचा हेतू चांगलाच आहे, पण कुशिंगमध्ये होतं काय ते बघा. मेंदूच्या खालच्या पिट्युटरीत एक छोटी गाठ असते, ती अॅड्रिनलला (किडनीजवळच्या ग्रंथीला) सारखी हाकत राहते, आणि अॅड्रिनल बिचारी कॉर्टिसोल ओतत राहते. कुत्र्यांमधल्या १०० केसेसपैकी ८० ते ८५ असल्याच, उरलेल्यांमध्ये गाठ अॅड्रिनलवरच असते. हार्वी कुशिंग नावाच्या अमेरिकन मेंदूच्या सर्जनने १९३२ मध्ये माणसांमधला हा आजार मांडला म्हणून त्याचं नाव. हे कॉर्टिसोल वर्षभर तसंच चढं राहिलं तर बीपी वाढतं, लघवीतून प्रोटीन जातं, इन्फेक्शनं होतात, डायबेटिस लागू शकतो, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. यातलं काहीच बाहेरून लवकर दिसत नाही, म्हणून कुत्रा बरा दिसतोय म्हणून गोळी सोडली असं करणाऱ्यांची मला काळजी वाटते.

आणि चिनी पद्धत, तिची मी टिंगल करणार नाही. त्यांच्या जुन्या वैद्यांकडे पिट्युटरीचं नाव नव्हतं, त्यांचे प्राण्यांवरचे जुने ग्रंथ बहुतेक घोड्यांवर आणि बैलांवर, घरातल्या कुत्र्याचा हार्मोनचा आजार हा त्यांचा विषयच नव्हता. आज अमेरिकेत जे शिकवतात, फ्लोरिडात १९९८ ला सुरू झालेल्या, प्राण्यांचं चिनी वैद्यक शिकवणाऱ्या ची इन्स्टिट्यूटपासून पुढे, ते म्हणजे जुनी माणसांची आणि घोड्यांची कृती कुत्र्याला लावून बघणं आहे. पण बघायची पद्धत बारीक आहे हो, कुत्रा गार फरशी शोधतो का, धापा टाकतो का, जीभ लाल कोरडी आहे का, हे ती मंडळी नीट बघतात, आणि कुशिंगचा कुत्रा खरंच फरशीवर पोट टेकून धापा टाकत पडलेला असतो. त्याला ते यिन कमी पडलं म्हणतात, म्हणजे आतला गारवा कमी, उष्णता वर आली. आपल्याकडे आजी म्हणायची ना, अंगात कडकी झालीय, तसंच काहीसं.

तुमच्या दोन पावडरींत काय आहे ते बघा. दी हुआंगवाल्या कृतीचा पाया सहा औषधींचा आहे, चीनच्या सोंग राजवटीतल्या चिआन यी नावाच्या बालवैद्याने आधीच्या आठ औषधींच्या कृतीतून दालचिनी आणि बचनाग हे दोन उष्ण घटक काढले, कारण लहान मुलांना ते झेपत नाहीत, आणि सहा उरल्या. त्यात झी मू आणि हुआंग बाय या आणखी दोन औषधी घातल्या की तुमची झी बाय. सी मियाओमध्ये चार औषधी, आणि त्यातही हुआंग बाय आहे. म्हणजे लाडूच्या पोटात हुआंग बाय दोन्हीकडून जातंय, डबल. आणि हुआंग बाय म्हणजे बर्बेरीन, आपल्या दारुहळदीतला तोच पिवळा कडू पदार्थ, बोटाला लावून चाखून बघा, दात घासेपर्यंत जाणार नाही. एवढं कडू पोटात गेल्यावर काही कुत्र्यांना उलटी होते, जुलाब होतात. आता मला सांगा, परवा लाडूने ओकलं तर ते कॉर्टिसोल खाली गेल्यामुळे की हुआंग बायमुळे, हे तुम्ही कसं ओळखणार? म्हणून माझा आग्रह एकच आहे, दोन गोष्टी एकाच वेळी बदलायच्या नाहीत. आधी कॅप्सूलचा डोस बसू द्या, टेस्ट स्थिर येऊ दे, मग हवी तर एक पावडर, थोडी थोडी, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं सांगून. या पावडरींनी कुत्र्याचं कॉर्टिसोल गोळीसारखं खाली येतं हे दाखवणारी मोठी नीट केलेली चाचणी झालेली नाहीये. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काहींनी या पावडरी गोळीबरोबर दिल्या, दोघातिघांच्या घरचे म्हणाले झोप शांत लागते, मला ते खोटं वाटत नाही, पण कुत्र्याचं पाणी पिणं त्याने उतरलं नाही, ते गोळीनेच उतरलं.

पाण्याची ही मोजणी तुम्ही पण करा. सकाळी सातला भांड्यात मोजून १५०० मिली भरा, घरात दुसरं पाणी ठेवू नका, संपत आलं तर मोजूनच वाढवा पण त्याला कधीच तहानेला ठेवायचं नाही, दुसऱ्या दिवशी सातला किती उरलं ते वहीत लिहा. १२ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० ते ७०० मिली पुरतं, १२०० च्या वर गेला म्हणजे नक्की जास्त. तीन दिवसांची सरासरी घ्या. माझ्याकडच्या एका आजोबांनी अशी वही ८ महिने ठेवली होती, आणि त्यांच्या वहीवरूनच मला टेस्टच्या आधी कळायचं की डोस हलला आहे.

प्रश्न : माझी लॅब्रॅडॉर कुत्री ३० किलोची, थायरॉइड कमी निघालाय. डॉक्टरांनी थायरॉक्सिनची गोळी ६०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा लिहिलीय, माझी आई स्वतः १०० ची घेते, तर कुत्रीला इतकं कसं? मोठ्या भावाने बाहेरून समुद्रशेवाळाची चिनी पावडर पाठवलीय, ती द्यावी का? — नाशिक

उत्तर : आकडा बघून दचकायला होतं हे खरंय, पण तो बरोबर आहे. कुत्रा ही गोळी माणसापेक्षा कमी शोषतो आणि फार लवकर संपवतो, माणसात थायरॉक्सिन आठवडाभर टिकतं, कुत्र्यात जेमतेम अर्धा दिवस, म्हणून डोस किलोला ०.०२ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या कुत्रीला ०.६. सुरुवातीला रिकाम्या पोटी द्या, आणि गोळीनंतर ४ ते ६ तासांनी रक्त तपासून डोस पक्का होईल.

शेवाळाचं मात्र नको. चिनी वैद्यांनी गलगंडाला समुद्रशेवाळ फार पूर्वी वापरलं आणि ते चाललं, कारण तिथल्या आतल्या मुलखात माणसांना आयोडीन मिळत नव्हतं. तुमच्या कुत्रीला आयोडीन कमी नाहीये, तिची ग्रंथीच झिजलीय, कुत्र्यात बहुतेकदा शरीर स्वतःच ती खातं किंवा ती आपोआप सुकत जाते. चूल विझलेली असताना वर सरपण रचून काय होणार? उलट जास्तीचं आयोडीन उरलीसुरली ग्रंथी बिघडवू शकतं. आणि एक तपासून घ्या, नुसता टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन, कमी आला म्हणून थायरॉइड धरू नका, दुसरा कुठलाही आजार, स्टिरॉइड, फिटची फेनोबार्बिटोन, या सगळ्यांनी तो खाली दिसतो, त्याच्यासोबत टीएसएच (पिट्युटरीचं, थायरॉइडला हाकणारं हार्मोन) पण तपासलेलं असावं.

प्रश्न : आमच्याकडे घरात ज्येष्ठमध असतं, चिनी औषधात पण ते असतं असं वाचलं, मग ॲड्रिनलच्या आजाराला घरचंच दिलं तर? — कोल्हापूर

उत्तर : नको हो. ज्येष्ठमधाला ते गान चाओ म्हणतात आणि कितीतरी कृतींत घालतात, चव आणि बाकीच्या औषधींचा मेळ राखायला. किडनीत एक एन्झाइम असतं, ते कॉर्टिसोलला निष्क्रिय करून ठेवतं, ज्येष्ठमध नेमकं त्यालाच अडवतं. मग कॉर्टिसोल मीठ धरून ठेवायला लावतं, पोटॅशियम बाहेर जातं, बीपी चढतं. कुशिंगच्या कुत्र्याचं बीपी आधीच चढलेलं असतं, त्यात हे म्हणजे आगीत तेल. उलटा आजार, ॲडिसन, त्यात कॉर्टिसोल कमी असतं म्हणून ज्येष्ठमध काहीजण सुचवतात, पण ॲडिसनचा कुत्रा औषध चुकलं तर एका दिवसात कोसळू शकतो, तिथे फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या किंवा इंजेक्शनच्या जागी ज्येष्ठमध ठेवणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं आहे. पाकिटावर गान चाओ लिहिलेलं दिसलं की डॉक्टरांना दाखवा. लाडूच्या आईंच्या दोन पावडरींच्या मूळ कृतीत ते नाहीये, पण कंपन्या आपापल्या परीने भर घालतात.

प्रश्न : आमच्या पाळीवाला खाज होती, कोणीतरी दिलेली हर्बल पावडर ५ महिने दिली, खाज छान थांबली, पण आता पोट लोंबतंय, पाणी खूप पितो, त्वचा कागदासारखी झालीय. डॉक्टर कुशिंगच्या टेस्टचं बोलतायत. — मडगाव

उत्तर : ती पावडर आणि तिचं पाकीट घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. अशा पावडरींत आणि क्रीममध्ये न सांगता डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन घातलेलं सापडलेलं आहे, लंडनमध्येही एक्झिमाच्या चिनी हर्बल क्रीमच्या नमुन्यांत ते निघालं होतं. तसं असेल तर तुमच्या कुत्र्याची अॅड्रिनल गाठीमुळे नाही तर बाहेरच्या स्टिरॉइडमुळे झोपलीय, आणि एसीटीएच टेस्टमध्ये तिचा प्रतिसाद अगदी कमी येईल, खऱ्या कुशिंगच्या उलट. पण पावडर एकदम बंद करू नका, झोपलेली अॅड्रिनल लगेच उठत नाही, कुत्रा कोसळेल. डॉक्टर मोजून स्टिरॉइड देतील आणि आठवड्या-आठवड्याने उतरवतील. तोवर तो जेवायला नको म्हणाला, अंग कापायला लागलं किंवा उठवेना झाला तर रात्री कितीही वाजले असोत, दवाखान्यात न्या, आणि पाच महिने स्टिरॉइड असू शकतं हे दारातच सांगा.