वाढत्या वृद्ध लोकसंख्येसाठी सरकारने कोणती तयारी करावी?
कोकणापुरते सांगायचे तर आधीच उशीर झाला आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली. कमावती माणसे मुंबईला गेली आणि वाड्यांत म्हातारी माणसे उरली. सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान भारत योजनेतून २०२४ पासून ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे, ही मोठीच सोय. परंतु जांभ्याची पाखाडी उतरून, व्हाळावरचा साकव ओलांडून एसटीपर्यंतही जाऊ न शकणाऱ्या आजीला त्या कार्डाचा उपयोग होत नाही. म्हणून पहिला खर्च उपकेंद्रातील परिचारिकेच्या नियमित गृहभेटींवर आणि रक्तदाबाच्या गोळ्या घरपोच देण्यावर व्हावा, असे मला मनापासून वाटते. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना मिळणाऱ्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा ८० वर्षांखालील वृद्धांसाठी दरमहा २०० रुपयेच आहे. तो महागाईशी जोडावा.