आधी आठवडे नीट मोज

नाशिक

प्रिय डॉक्टर,

नवजात बाळांच्या फुप्फुसांवर काम करायचं ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. सर्फॅक्टंट (फुप्फुसं मिटू नयेत म्हणून द्यायचं औषध), स्टेम सेल, नवे व्हेंटिलेटर या सगळ्याकडे तू वळशीलच. पण सुरुवात कर ती एका साध्या प्रश्नापासून: हे बाळ किती आठवड्यांचं, म्हणजे गर्भात किती आठवडे वाढलेलं?

सुरगाणा-पेठकडून पाठवलेल्या आईला शेवटच्या पाळीची तारीख विचारली की 'पोळ्याच्या आसपास' असं उत्तर येऊ शकतं, आणि केस पेपरवर मात्र ठामपणे '32 आठवडे' लिहिलेलं असतं. तो आकडा कशावरून आला, हे प्रत्येक बाळामागे नोंदव. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा अंदाज साधारण आठवडाभराच्या आत बसतो, शेवटच्या तीन महिन्यांतला तीन आठवड्यांनीही चुकतो. जन्मानंतर बाळाची त्वचा, ठेवण बघून आठवडे ठरवणाऱ्या न्यू बॅलार्ड तपासणीत दोन आठवडे इकडेतिकडे होतात. 30 आणि 33 आठवड्यांची बाळं एकाच रकान्यात पडली, तर पुढचं गणित कितीही चोख असो, उत्तर चुकणारच.

लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्ये दाखवलं की प्रसूतीआधी आईला बीटामेथासोन हे स्टेरॉइड दिलं तर कमी दिवसांच्या बाळांना धाप कमी लागते. 2015 मध्ये सहा देशांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडचं नागपूर आणि बेळगाव त्यात होतं. स्टेरॉइड गावपातळीपर्यंत पोचवलं, तरी लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत, आणि सगळी बाळं धरली तर ते वाढलेच. इंजेक्शन घेतलेल्या कितीतरी बायकांची बाळं पुऱ्या दिवसांची निघाली. 2020 च्या अभ्यासात भारतासह पाच देशांत सोनोग्राफीने आठवडे ठरवून, नवजात बाळांची काळजी घेता येईल अशा रुग्णालयांतच डेक्सामेथासोन हे तसंच स्टेरॉइड दिलं, तेव्हा मृत्यू कमी झाले. हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाच, घाई न करता.

मग ऑक्सिजन. 'दोन लिटर चालू' ही नोंद संशोधनाला निरुपयोगी आहे, कारण तेवढ्या प्रवाहातून बाळाच्या छातीत किती टक्के ऑक्सिजन पोचतो ते वजनावर आणि श्वासावर ठरतं. ब्लेंडरवरचे (हवा आणि ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावरचे) टक्के लिही, शेजारी पल्स ऑक्सिमीटरचा आकडा लिही.

बबल सीपॅप म्हणजे नाकातून सतत दाबाने हवा देऊन बाळाची फुप्फुसं उघडी ठेवणारं साधन; त्याच्या बाटलीपाशी एकदा तासभर उभं राहा. नळी पाण्यात 5 सेंटिमीटर बुडवलेली असते, म्हणून दाब 5 सेंटिमीटर पाण्याइतका. पण नळीत साचलेली वाफ पाणी होऊन बाटलीत उतरते, पातळी चढते आणि फॉर्मवर 5 लिहिलेलं असताना बाळाला 7 मिळत असतो. बुडबुडे थांबले तर तोंड उघडं आहे का, प्राँग (नाकपुडीतली नळी) लहान पडतेय का, ते बघ. प्राँग मोठी असेल तर नाकपुडीची कड पांढरी पडते. बाळ सीपॅपवर टिकलं नाही असं लिहिण्याआधी हे सगळं तपासलं होतं का, याचा रकाना फॉर्मवर हवाच.

एक स्थानिक गोष्टही ध्यानात असू दे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण 7 टक्क्यांनी कमी. गर्भातले दिवस धरून 36 आठवड्यांना बाळाला ऑक्सिजन लागतो का, यावर बीपीडीचं (कमी दिवसांच्या बाळांना जडणाऱ्या फुप्फुसाच्या दीर्घ आजाराचं) निदान ठरतं. विरळ हवेमुळे काठावरच्या बाळांत हा फरक दिसू शकतो. शिवाय 36 आठवड्यांच्या आत दगावलेलं बाळ बीपीडीच्या यादीत येतच नाही, म्हणून 'मृत्यू किंवा बीपीडी' असा एकत्र निकष धर.

आकड्यांचंही आधीच बघ. सीपॅप अपयशी ठरण्याचं प्रमाण 40 वरून 25 टक्क्यांवर येतं असं दाखवायला प्रत्येक गटात सुमारे 150 बाळं लागतात. एका युनिटमध्ये वर्षभरात तेवढी मिळणार नसतील तर प्रबंधासाठी प्रश्न लहान कर, किंवा दुसरं युनिट सोबत घे. चाचणी असेल तर सीटीआरआयमध्ये (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी पहिलं बाळ घेण्याआधी, नंतर नाही.

संमतीपत्र कळा सुरू असताना पुढे करू नकोस. शक्य असेल तिथे आधीच, तिकडची कोकणा बोली बोलणाऱ्या माणसाकडून समजावून सांग. द्राक्षांच्या हंगामात घरचे निफाड-दिंडोरीकडे कामाला जातात आणि फोन बंद लागतात, तेव्हा गावातल्या आशाताईंचा नंबर पहिल्याच दिवशी घे.

एथिक्स कमिटीकडे अर्ज करण्याआधी नोंदीचा फॉर्म एका पानात बसव आणि दहा बाळांवर भरून बघ. जे रकाने रात्रपाळीच्या सिस्टरांकडून रिकामे राहतील, ते घेऊन माझ्याकडे ये.