आधी ट्रे ठरवा, मग टेबल

प्रश्न (वेंगुर्ल्याहून): दादा, आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे, १४ बायका कामाला आहेत. सगळी टेबलं गावातल्या फॅब्रिकेटरने एकाच उंचीची करून दिली, ३६ इंच, आणि बसायला साध्या प्लास्टिकच्या खुर्च्या. सोलणीच्या बायका संध्याकाळी म्हणतात कंबर मोडता, खांदे भरून येतात. माल घ्यायला प्रत्येकीला उठून बोर्म्यापर्यंत (गर सुकवायच्या भट्टीपर्यंत) जावं लागतं, साधारण १२ मीटर, दिवसाला वीसेक फेऱ्या होतात. पाकळी (दोन फाकी झालेला गर) आणि तुकडा पण जास्त निघतोय. एकांनी अॅल्युमिनियम प्रोफाइलच्या मॉड्युलर वर्कस्टेशनचं कोटेशन दिलंय, दिसायला भारी आहे पण रक्कम बघून छातीत धस्स होतं. घेऊ का?

उत्तर: ताई, आत्ता नका घेऊ. आधी तुमचेच आकडे मांडूया. १२ मीटर जाऊन १२ मीटर यायचं, वीस फेऱ्या, म्हणजे एकीचे ४८० मीटर, आणि १४ जणींचे मिळून पावणेसात किलोमीटर होतात, रोज, आणि तेवढा वेळ हात रिकामे. हे चालणं कुठलंही महागडं टेबल आणून थांबणार नाही कारण बोर्मा तिथेच राहणार आणि टेबलं पण तिथेच. एका कागदावर शेडचा नकाशा काढा, बी उकडायची जागा, कटिंग, बोर्मा, सोलणी, ग्रेडिंग, पॅकिंग, सगळं दाखवा आणि एक दिवस पेन घेऊन एकीच्या मागोमाग रेघ ओढत जा. संध्याकाळी तो कागद बघितलात की काय हलवायचं ते तुम्हालाच दिसेल.

आता माझा खरा मुद्दा. सगळे सुरुवात टेबलापासून करतात, मी सांगतो सुरुवात ट्रेपासून करा. बोर्म्यातून बाहेर येणारा गर कोरडा आणि ठिसूळ असतो, तो ट्रेमधून टोपलीत, टोपलीतून टेबलावर, टेबलावरून परत पाटीत असा ओतत गेलात की दर ओतण्याला काही गर फुटणारच, आणि अख्ख्या गराचा भाव आणि तुकड्याचा भाव यातला फरक मी तुम्हाला काय सांगायचा. म्हणून एकच मापाचा ट्रे ठरवा, जो बोर्म्यात बसेल, तोच ट्रॉलीच्या खाचेत सरकेल, तोच सोलणीच्या टेबलावर समोर बसेल. मग ट्रॉलीच्या खाचा, टेबलाची खोली, रॅकच्या फळ्यांमधलं अंतर सगळं त्या एका मापावरून आपोआप ठरतं. मॉड्युलर म्हणजे खरं तर हेच, बाकी नटबोल्ट कुठलेही असोत. आणि एक बाई भरलेल्या ट्रेंची ट्रॉली फिरवत राहिली की बाकीच्या १३ जणींना उठायची गरजच नाही.

उंचीचं म्हणाल तर ३६ इंच टेबल उभ्याने काम करायला ठीक आहे, पण घरचं जेवणाचं टेबल ३० इंचाच्या आसपास असतं आणि खुर्ची त्याला जुळणारी असते. तुमच्या बायका खुर्चीवर बसून सहा इंच जास्त उंच टेबलावर हात टाकतायत म्हणजे दिवसभर खांदे वर उचललेलेच, मग भरून येणार नाहीत तर काय. साधा नियम असा की बारीक नजरेचं काम कोपराच्या किंचित वर, ५ ते १० सेंटीमीटर, हलकं हातकाम कोपराच्या १०-१५ सेंटीमीटर खाली, आणि जोर लावायचं काम त्याहून खाली. पण कोपर कोणाचं, हा प्रश्न आहे. १४ जणींची कोपरं एका उंचीवर नसतात. बसवून प्रत्येकीची टेपने मापं घ्या, वहीत लिहा. मग एकात एक सरकणारे चौकोनी पाइप पायांना लावायचे, दर २५ मिलीमीटरला भोक आणि आरपार पिन, हे कुडाळला कोणताही बरा फॅब्रिकेटर करून देईल. ज्या बुटक्या आहेत त्यांना पायाखाली पाट द्या, पाय लोंबकळले की कंबर धरणारच. आणि कोणाला जमिनीवर पाटावर बसूनच सोलायची सवय असेल तर तिला बळजबरीने टेबलावर बसवू नका, आधी विचारा.

एकदम १४ करू नका हां. पुठ्ठा, जुनं प्लायवुड, रिकामे क्रेट घेऊन एक नमुना टेबल उभा करा, आठ दिवस दोन वेगवेगळ्या उंचीच्या बायकांना त्यावर बसवा, त्या सांगतील ते बदला, मग एक लोखंडी करा, मग बाकीची. मी स्वतः एका कारखान्यात एकदम ४० टेबलं करून घेतलेली बघितली आहेत, कागदावर एकदम नीट, आणि महिनाभरात त्यांच्याखाली विटा लागल्या. ज्यांचे हात चालायचे होते त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, मला ते अजून लागतं.

ग्रेडिंगला उताराचा रॅक करा, मागून भरायचा आणि पुढून काढायचा, म्हणजे आधी आलेला माल आधी जातो. २१०, २४०, ३२० असे कप्पे ठळक आकड्यात, डब्यांचे रंगही वेगळे. ३२० म्हणजे पाउंडाला ३०० ते ३२० गर, हे नवीन मुलींना एकदा तराजूवर मोजून दाखवा, नजर लवकर बसते. वर उजेड भरपूर हवा, तपासणीच्या जागी ५४० लक्सच्या आसपास, आणि ट्यूबला कव्हर हवंच, काच गरात पडली तर संपलंच.

आणि भिंतीला ठोकलेले रॅक असतील तर तेवढे काढा. चिऱ्याची भिंत मऊ असते, बोल्ट आज धरेल आणि पावसाळ्यात ओल आली की ढिला होईल. रॅक जमिनीवरच्या काँक्रीटला बांधा, भिंतीपासून झाडू फिरेल आणि उंदराची वाट दिसेल एवढी जागा सोडा, पोती पॅलेटवर.

प्रश्न (पावसहून): आमच्याकडे एप्रिल-मे हापूसचा पल्प, मग कोकम आगळ, थोडी फणसपोळी. प्रत्येक सीझनला टेबलं ओढताना फरशी फुटते, आणि मागच्या वर्षी घेतलेली अॅल्युमिनियमची स्टँड पांढरी पडून खड्डे पडलेत. माल खराब होता का?

उत्तर: भाऊ, माल खराबच असेल असं नाही, जागा चुकली. आगळात आंबटपणा आणि मीठ दोन्ही, ते अॅल्युमिनियमला खातं. तेच प्रोफाइल पॅकिंगच्या कोरड्या खोलीत नीट टिकेल. आगळ लागतं तिथे स्टेनलेस, आणि तेही नेहमीच्या ३०४ ग्रेडला मिठाने बारीक खड्डे पडू शकतात म्हणून परवडलं तर ३१६ ग्रेड घ्या, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो तो मिठाला तोंड देतो. सगळं ३१६ करायची गरज नाही, फक्त टेबलाचा पत्रा आणि जिथे सांडतं ते. लोखंडाला पावडर कोटिंग केलं तर कापलेली टोकं आणि भोकं उघडी राहिली का ते बघा, खाऱ्या हवेत गंज तिथूनच आत शिरतो.

तुमच्यासारख्या सीझनच्या कारखान्यालाच चाकांची टेबलं खरी उपयोगी. चाकं १०० मिलीमीटरची, ब्रेकवाली, आणि एका चाकावर किती वजन येईल ते काढताना चारने नको, तीनने भागा, आपली फरशी उंचसखल असते, एक चाक कायम अधांतरी राहतं. आणि एक गोष्ट सगळे विसरतात, करंट. प्लग भिंतीत असला की टेबल भिंतीला बांधलं गेलं. वायरी छतावरून खाली सोडा, पॉइंट डोक्याच्या वर, पाण्यापासून लांब, ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावून. क्रेट ६०० बाय ४०० मिलीमीटरचेच ठेवा, १२०० बाय १००० च्या पॅलेटवर एका थरात बरोबर पाच बसतात, जागा वाया जात नाही.

प्रश्न (लोटे): आमच्या जॉब शॉपमध्ये (ऑर्डरप्रमाणे सुटे भाग करून देणारं वर्कशॉप) पाने (स्पॅनर) आणि गेज (मापं तपासायची साधनं) शोधण्यातच अर्धी शिफ्ट जाते. कपाट मोठं घ्यायचं का?

उत्तर: मोठं कपाट घेतलंत तर त्यात शोधत बसाल. उलट कपाट बंद करा आणि मशीनशेजारी एक फळी लावा, प्रत्येक पान्याची आकृती रंगाने काढून, जागा रिकामी दिसली की काय गेलंय ते लांबूनच कळतं. रोज लागणारं कंबर ते खांदा या उंचीत, आठवड्यातून एकदा लागणारं खाली, वर्षातून लागणारं स्टोअरला. गेज मात्र उघड्यावर नको, खारी हवा लागते, तेल पुसून झाकणाच्या ड्रॉवरमध्ये आणि चावी शिफ्टवाल्याकडेच, एकाच माणसाच्या खिशात नको.