हाताने रंगवलेलं पहिलं पाकीट घेण्याआधी

हाताने रंगवलेली फर्स्ट डे कव्हरं, म्हणजे टपाल तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेली पाकिटं, जमवायची तर सुरुवातीला विषय एकच धरा. पक्षी, आगगाड्या, काहीही चालेल. सगळ्याच स्मारक तिकिटांमागे धावलात तर अल्बम भरेल, पण नजर तयार होणार नाही.

फर्स्ट डे कव्हरवर तिकिटाखेरीज जे चित्र असतं त्याला कॅशे म्हणतात. अमेरिकेत जॉर्ज लिन यांनी १९२३ साली राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या स्मारक तिकिटासाठी कॅशे छापलेली पाकिटं केली. या प्रकारातली ती पहिली मानली जातात. हाताने रंगवणाऱ्यांत डोरोथी नॅप यांचं काम जरूर पाहा, डोळ्यांना चांगल्या कामाची सवय लागते.

पाकीट हाती आलं की दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. ठिपक्यांची जाळी दिसली तर चित्र छापील. बाह्यरेषा छापील आणि रंग तेवढे हाताने, असंही पुष्कळ मिळतं. ते मला आवडतं, पण त्याला संपूर्ण हातकामाची किंमत देऊ नका. मग शिक्का बघा. रंग शिक्क्याच्या शाईवर चढला असेल तर चित्र शिक्क्यानंतरचं. किती नंतरचं, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा, कारण चित्र नसलेल्या जुन्या पाकिटांवर अलीकडे चित्रं काढून विकली जातात. सांगून विकलं तर त्यात गैर काहीच नाही.

जलरंगांना ओल आणि ऊन दोन्ही सोसत नाही. कव्हर ठेवायला पीव्हीसी प्लॅस्टिकची पारदर्शक पाकिटं टाळा, पॉलिएस्टरची घ्या. आणि कव्हरवरचं तिकीट सोडवायला ते पाण्यात कधीही बुडवू नका.