सुरीची धार आणि चवीच्या जोड्या: वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात दोनच विषय होते: घरातली सुरी आणि न जुळणाऱ्या वाटणाऱ्या पदार्थांच्या जोड्या. अर्धी पत्रं एका विषयाची, अर्धी दुसऱ्याची. काही पत्रांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून सगळी एकत्रच देतो आहोत.

मुलगी बाणेरला नवा संसार मांडते आहे. लाकडी ठोकळ्यात खोचलेला बारा सुऱ्यांचा संच तिला भेट द्यावा असं घरच्यांचं मत आहे. घ्यावा का? घेतला तर काय बघून घ्यावा?
— वाचक, कोथरूड

संच घेऊ नका. बारापैकी नऊ सुऱ्या ठोकळ्यातच राहतात. त्याच पैशांत तीन चांगल्या सुऱ्या येतील: १८ ते २० सेंटिमीटर पात्याची एक मोठी, ८ ते १० सेंटिमीटरची एक लहान आणि ब्रेड-टोमॅटोसाठी एक दातेरी. खर्चाचा मोठा वाटा पहिलीवर करा. दातेरी सुरी स्वस्तातली चालते, कारण तिला घरी धार लावता येत नाही आणि ती कधीतरी बदलावीच लागते.

पात्यावर किंवा खोक्यावर नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. पोलादाचा क्रमांक शोधा. ‘१.४११६’ हे जर्मन पद्धतीच्या सुऱ्यांचं नेहमीचं पोलाद. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का आणि क्रोमियम १५ टक्क्यांच्या आसपास असतं. कार्बनमुळे पातं कडक होतं, क्रोमियममुळे गंज दूर राहतो. कडकपणा रॉकवेल मापात देतात. आपल्या स्वयंपाकाला ५५ ते ५८ उत्तम. जपानी सुऱ्या ६० च्या पुढे जातात. त्यांची धार जास्त दिवस टिकते, पण त्या ठिसूळ असतात. लाल भोपळ्यात पातं रुतलं आणि मूठ आडवी पिळली की धारेचा टवका उडालाच. ज्या घरात सुरण, भोपळा आणि घाई आहे, तिथे ६२ चं पातं नको. पात्यावरच्या लाटालाटांच्या नक्षीलाही भुलू नका. स्वस्त सुऱ्यांवर ती बहुधा वरून कोरलेली असते आणि कापण्याशी तिचा काही संबंध नसतो.

दुकानात सुरी हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मूठ धरून पातं फळीवर टेकवा. बोटांची पेरं फळीला लागत असतील तर पात्याची उंची कमी आहे, साडेचार सेंटिमीटर तरी हवी. मग अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पात्याची मुठीजवळची बाजू धरून बघा, भाजी चिरताना पकड हीच असायला हवी. अशा पकडीत सुरी पुढेही झुकू नये आणि मागेही. पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं. अर्ध्यातच संपणारं पातं वर्षा-दोन वर्षांत मुठीत हलायला लागतं आणि त्या फटीत पाणी साचतं. पूर्ण स्टीलची गुळगुळीत मूठ दिसते देखणी, पण तेलाचा हात लागला की निसटते. हे सगळं फोटो बघून ठरत नाही. तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर जाऊन हाताळूनच घ्या.

सोसायटीत येणाऱ्या धारवाल्याकडून सुरीला धार लावून घेतली. दोन आठवडे लख्ख चालली, मग पहिल्यापेक्षा बोथट. धारेजवळ निळसर डागही दिसतो. सुरी गेली का?
— वाचक भगिनी, सहकारनगर

गेली नाही, पण भाजली आहे. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर धारेची पातळ कड क्षणात तापते. निळा रंग म्हणजे तिथलं पोलाद ३०० अंशांच्या आसपास पोचलं होतं. कारखान्यात पात्याला जो कडकपणा दिलेला असतो, तो इतक्या उष्णतेत उतरतो. मऊ झालेली कड लगेच धार धरते आणि तितक्याच लगेच सोडते. निळा भाग दगडावर घासून काढला की आतलं कडक पोलाद पुन्हा वर येईल. (याच कारणासाठी वड्या पाडायला सुरी गॅसवर तापवू नका. गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या.)

धार घरी लावता येते. रविवार पेठेत बोहरी आळीतल्या हत्यारांच्या दुकानांत दुबाजू दगडाची चौकशी करा. एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ३००० क्रमांकाचा दगड घरासाठी पुरतो (क्रमांक जितका मोठा, तितका दगड बारीक). पातं खूप खराब असेल तर आधी ४०० चा.

पाण्याचा दगड असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, पाण्यात बुडवून ठेवा. ओल्या फडक्यावर ठेवला की तो सरकत नाही. सुरीची धार दगडावर टेकवा आणि पाठ उचला. किती? पातं साडेचार सेंटिमीटर उंच असेल तर पाठ सव्वा ते दीड सेंटिमीटर वर हवी, म्हणजे कोन १५ ते २० अंशांचा होतो. सुरुवातीला अंदाज येत नाही, म्हणून तेवढ्या जाडीची नाण्यांची चळत शेजारी ठेवा आणि मधूनमधून पाठ तिच्याशी ताडून बघा. एकच बाजू टाचेपासून टोकापर्यंत घासत राहा. दुसऱ्या बाजूने अंगठा पाठीकडून धारेकडे, आडवा आणि हलका फिरवला की खरखरीत कड लागेल. कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात. ही कड पूर्ण लांबीवर आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार इथेच फसते: मधल्या भागात कड येते, टोकाशी येत नाही, तरी बाजू बदलली जाते. मग मधला भाग झिजून पात्याला खळगा पडतो आणि कोथिंबीर फळीवर माळेसारखी जोडलेली राहते.

दोन्ही बाजू झाल्या की दगड उलटा करून ३००० च्या बाजूवर एकदा इकडून, एकदा तिकडून असे आठ-दहा हलके हात द्या. दर वेळी दाब कमी करत जा. इथे जोर लावला तर बर तुटत नाही, नुसती या बाजूची त्या बाजूला होते. परीक्षा पिकलेल्या टोमॅटोवर घ्या: सुरीच्या नुसत्या वजनाने साल कापली गेली पाहिजे.

दगड हाताशी नसेल तर चिनी मातीचा कप उपडा घाला. बुडाचं न चकाकणारं खरखरीत कडं आठवड्याचं काम भागवतं. संचासोबत मिळणारा गोल पोलादी दांडा धार लावत नाही, वाकलेली कड सरळ करतो. तोही उपयोग मोठाच आहे, पण बोथट सुरी त्याने धारदार होणार नाही.

सासूबाई विळीवर चिरतात, मी सुरीवर. विळीवर चिरलेली वांगी जास्त काळी पडतात असं मला वाटतं, त्यांना पटत नाही. खरं काय?
— वाचक, सदाशिव पेठ

तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण दोष विळीचा नाही, लोखंडी पात्याचा आहे. वांग्यातल्या फिनॉल वर्गातल्या द्रव्यांची हवेशी गाठ पडली की काप तपकिरी होतात. हे सुरीवर चिरूनही होतं. लोखंडाचा अंश मिसळला की त्यात निळसर काळा रंग वाढतो. कच्ची केळी आणि केळफूल यांचंही तसंच. वांग्याच्या फोडी चिरल्या चिरल्या पाण्यात टाका, लिटरला एक चमचा मीठ घालून. केळफुलासाठी पाण्यात वाटीभर ताक घालतात ते उगाच नाही. आंबटपणाने काळं पडण्याचा वेग कमी होतो.

बाकी विळीची बाजू आम्ही घेऊ. पातं स्थिर आणि भाजी दोन्ही हातांत असल्यामुळे मेथीच्या जुड्या, गवार आणि भोपळ्याच्या फाका तिच्यावर झरझर होतात. लोखंडी पातं दगडावर लवकर धार धरतं. गुडघे साथ देत असतील तर विळी मोडीत काढू नका. काम झालं की पातं कोरडं पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवा. गंज आलाच तर खाण्याच्या सोड्याचा ओलसर लेप लावून बुचाने घासा. पातं मिटून ठेवा, हे सांगायला नको.

ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट चिरलं तर चालतं का?
— वाचक, हडपसर

नाही. ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्‌झ सुरीच्या पोलादापेक्षा कठीण असतं, त्यामुळे दर घावाला धार दुमडते. काचेची फळी तितकीच वाईट. लाकडी किंवा प्लॅस्टिकची फळी घ्या, मासे-मटणासाठी वेगळी. चिरलेली भाजी कढईत लोटताना धारेने खरवडू नका, सुरी उलटी करून पाठीने लोटा.

कांद्याची कोशिंबीर माझ्या हातची उग्र होते, वहिनींची गोडसर. कांदा एकाच पिशवीतला, दही एकच.
— वाचक, धायरी

सुरी बघा. कांद्याची उग्रता अख्ख्या कांद्यात नसते. पेशी फुटल्या की आतली द्रव्यं एकत्र येतात आणि ती तयार होते. बोथट सुरी पेशी कापत नाही, चेपते, त्यामुळे डोळ्यांना पाणी आणि कोशिंबिरीला झणका. कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, धारदार सुरीने देठापासून मुळाकडे उभा चिरा, गार पाण्यातून एकदा काढून घट्ट निथळा. फूड प्रोसेसरमध्ये बारीक केलेल्या कांद्याची कोशिंबीर कोणाच्याच हातची गोड होणार नाही.

स्ट्रॉबेरीवर मिरपूड, कलिंगडासोबत चीज असं काहीबाही हल्ली दिसतं. यातलं खरोखर चांगलं काय लागतं? पाहुण्यांना देण्याजोगं सांगा.
— वाचक, औंध

पेरूला तिखट-मीठ लावणाऱ्यांनी आणि जिलबीसोबत मठ्ठा पिणाऱ्यांनी ‘काहीबाही’ म्हणू नये! गोडाला आंबट-खारट तोड देणं आपल्या पानात जुनंच आहे. पुरणपोळीशेजारी कटाची आमटी असते ती त्यासाठीच. मीठ कडवटपणा दाबतं, त्यामुळे फळाची गोडी वर येते. स्निग्ध पदार्थ वास धरून ठेवतो. आंबट आणि तिखट जीभ साफ करतात. एवढं लक्षात ठेवून बघितलं तर बऱ्याच जोड्या विचित्र राहत नाहीत. जोधपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये भारतीय पाककृती तपासल्या, तेव्हा आपण एकत्र शिजवतो त्या जिन्नसांत समान वासद्रव्यं कमी आढळली. पाश्चात्त्य पाककृतींचा कल याच्या उलटा असतो. हा फरक मुख्यतः मसाल्यांमुळे पडतो.

कलिंगड आणि खारट चीज ही जोडी ग्रीस-बल्गेरियाकडे नेहमीची. घरी २५० मिलिलिटर पाण्यात १२ ग्रॅम मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून १०० ग्रॅम पनीरचे तुकडे रात्रभर फ्रिजमध्ये मुरवा. सकाळी निथळून अर्धा किलो कलिंगडाच्या फोडींत कुस्करा. वर पुदिना, मिरपूड आणि घाण्याचं शेंगदाणा तेल चमचाभर. वरून मीठ नको. आणि हे मिसळायचं ते ताटं मांडल्यावर, आधी केलं तर पनीरमधलं मीठ फळाचं पाणी ओढतं आणि वाटीत सरबत उरतं.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की पाव किलोला दोन चमचे साखर, एक चमचा व्हिनेगर आणि पाव चमचा ताजी भरड मिरपूड लावून वीस मिनिटं ठेवा. मिरपूड तयार डबीतली असेल तर नुसता ठसका लागेल, वास येणार नाही. आमरसात तूप-मिरपूड घालणाऱ्या घरांना हे नवं वाटायचं नाही.

पेरू आणि चीज ब्राझीलमध्ये इतकी रुळलेली जोडी आहे की तिला ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ म्हणतात. तिथे पेरूचा घट्ट गोड वडीसारखा मुरंबा आणि ताजं चीज असतं. आपल्याकडे पेरूच्या जेलीची अर्धा सेंटिमीटर जाड चकती आणि तेवढीच चीजची, इतकंच करा.

आणि मिसळीवर चीज? आमचं मत विरुद्ध. तर्रीत तेल आधीच भरपूर असतं, त्यावर आणखी स्निग्ध थर आला की मसाल्याचा तिखटपणा बोथट होतो. तिथे लिंबू आणि कच्चा कांदाच हवा.

अननसाचं रायतं दुपारी केलं तर रात्री कडू आणि पातळ होतं. दही ताजं असतं.
— वाचक, निगडी

ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं विकर असतं. ते दह्यातली प्रथिनं तोडतं, त्यांचे तुकडे कडू लागतात आणि दह्याचा घट्टपणा जातो. पाव किलो फोडींवर दोन मोठे चमचे साखर घाला, सुटलेल्या पाण्यातच पाच मिनिटं खळखळ उकळवा, पूर्ण गार करा आणि मगच २०० ग्रॅम चक्क्यासारख्या घट्ट दह्यात मिसळा. उष्णतेने विकर निकामी होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असल्याने तो थेट चालतो. किवीचंही असंच, उकळायची नसेल तर फोडी ऐन वेळी घाला. अननसाची जेली जिलेटीनने धरत नसेल तर कारण हेच. तिथे चायना ग्रास वापरा, ते प्रथिन नाही.

फणस चिरल्यावर सुरीचा चीक काही केल्या निघत नाही.
— वाचक, वारजे

कापण्याआधी पात्याला आणि हातांना खोबरेल तेल चोळा, फळीवर जुनं वर्तमानपत्र पसरा. मधला दांडा काढेपर्यंत पातं दोनदा-तीनदा कागदाने पुसून पुन्हा तेल लावा. चीक पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे राहिलेल्या चिकावर आधी पाणी किंवा साबण नको. तेलाचं फडकं फिरवून तो मऊ करा, कागदाने पुसा आणि मग साबण लावा. पुसताना फडकं पाठीकडून धारेकडे न्या, धारेवरून आडवं नको.