रेझिस्टर व्होल्टेज कमी करतो की करंट? (एलईडीपासून ट्रान्झिस्टरपर्यंत)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ९ व्होल्टच्या बॅटरीला लाल एलईडी थेट लावला तर क्षणात जळाला, मध्ये रेझिस्टर (करंटला अडथळा करणारा भाग) टाकला तर नीट चालतो. मग रेझिस्टर नेमकं काय कमी करतो, व्होल्टेज की करंट? आणि यापुढे कपॅसिटर, डायोड, ट्रान्झिस्टर कोणत्या क्रमाने शिकावेत?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "दोन्ही" असं देता येईल, पण त्याने तुमचं समाधान होणार नाही. आधी एक सवय लावून घ्या: "इथे व्होल्टेज किती?" असं कधी विचारायचं नाही, "या दोन टोकांमध्ये किती?" असं विचारायचं. व्होल्टेज हा दोन बिंदूंमधला फरक असतो. एकट्या बिंदूचं व्होल्टेज सांगितलं जातं तेव्हा दुसरा बिंदू, बहुधा ग्राउंड (शून्य व्होल्ट मानलेला बिंदू), मनात धरलेला असतो. करंटचं वेगळं आहे. तो एका जागेतून वाहतो आणि सगळे भाग एकामागोमाग एक जोडले असतील, म्हणजे सिरीजमध्ये असतील, तर सगळीकडे सारखाच असतो. त्यामुळे रेझिस्टर एलईडीच्या आधी लावा किंवा नंतर, फरक शून्य. "आधी लावला तर करंट अडवेल, नंतर लावला तर उशीर झाला" हा समज फार चिवट आहे. त्यामागे करंट वाटेत खर्च होतो अशी कल्पना असते. करंट खर्च होत नाही, ऊर्जा होते. बॅटरीतून जितका निघतो तितकाच परत येतो.

पाण्याच्या टाकीची उपमा (व्होल्टेज म्हणजे पाण्याचा दाब, करंट म्हणजे नळीतला प्रवाह) तुम्ही वाचलीच असेल. सुरुवातीला ती ठीक आहे, पण नळी कापली की पाणी सांडतं, वायर कापली की करंट थांबतो. सर्किट म्हणजे पूर्ण झालेली वाट, एवढं त्यातून लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आता एलईडी का जळाला ते बघू. रेझिस्टर सरळमार्गी असतो. व्होल्टेज = करंट × रेझिस्टन्स हा जॉर्ज ओहमने १८२७ साली मांडलेला नियम तो पाळतो: व्होल्टेज दुप्पट केलं की करंट दुप्पट. एलईडी हा डायोड आहे आणि त्याच्यातून करंट कितीही जात असला तरी त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज फारसं हलत नाही. लाल रंगाला ते साधारण २ व्होल्ट असतं, निळ्या-पांढऱ्याला ३ च्या आसपास. याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की त्या आकड्यापेक्षा व्होल्टेज किंचितही वर नेलं तर करंट कित्येक पटींनी उसळतो. तुम्ही २ व्होल्टवर सुखी असलेल्या भागावर ९ व्होल्ट लादलेत. मध्ये अडवायला बॅटरीच्या आतला किरकोळ रेझिस्टन्स तेवढा होता.

मध्ये रेझिस्टर आला की हिशोब बदलतो. एका बंद वाटेवरची सगळी व्होल्टेजेस मिळून बॅटरीइतकी भरली पाहिजेत, हा किरखोफचा नियम. एलईडीने २ घेतले, उरलेले ७ रेझिस्टरवर आलेच. आपल्याला १० मिलिअँपिअर (०.०१ अँपिअर) करंट हवा असेल तर ७ भागिले ०.०१, म्हणजे ७०० ओहम. बाजारात ठराविकच किमती मिळतात, त्यातली जवळची ६८० (निळा, राखाडी, तपकिरी पट्टे आणि बहुधा शेवटी सोनेरी). रेझिस्टरमध्ये उष्णता होते सुमारे ०.०७ वॅट, म्हणजे पाव वॅटचा नेहमीचा नग आरामात चालतो. हा वॅटचा हिशोब बरेच जण करत नाहीत आणि मग बोट भाजतं.

यात एक बारकावा आहे आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. सगळे लाल एलईडी बरोबर २ व्होल्टचे नसतात, कुणी १.८ चा, कुणी २.२ चा. ९ व्होल्ट आणि ६८० ओहम असताना करंट १०.६ किंवा १०.० होतो, डोळ्याला कळतही नाही. पण सप्लाय ३ व्होल्टचा आणि रेझिस्टर १०० ओहमचा घेतला, तर तेच दोन एलईडी १२ आणि ८ मिलिअँपिअर घेतील. म्हणजे रेझिस्टरवर जितकं जास्त व्होल्टेज सोडाल तितका करंट स्थिर, पण तितकी ऊर्जा वाया. अनेक एलईडी पॅरललमध्ये (म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांना जोडून, शेजारी शेजारी) बांधून सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर देणं का टाळायचं, तेही यातूनच कळतं. ज्याचं व्होल्टेज किंचित कमी, तोच जास्त करंट ओढून घेतो. त्यापेक्षा तीन लाल सिरीजमध्ये लावा: ६ व्होल्ट त्यांचे, ३ उरले, ३३० ओहमला ९ मिलिअँपिअर.

("पण नाण्याएवढ्या सेलवर लोक रेझिस्टरशिवाय एलईडी लावतात की!" असं कुणी म्हणेलच. त्या सेलचं व्होल्टेजच ३ असतं आणि अंतर्गत रेझिस्टन्स बराच जास्त. रेझिस्टर आहेच, फक्त सेलच्या पोटात.)

आता एका मोहापासून सावध करतो, कारण तुमच्या पुढच्या वाक्यात तो दिसला: "दोन रेझिस्टर लावून ९ चे ४.५ व्होल्ट करून मोटर चालवू का?" नाही. १ किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावलेत की मधल्या बिंदूवर ४.५ व्होल्ट दिसतात खरे, पण तिथून कुणी करंट ओढत नाही तोवरच. समजा मोटरचा रेझिस्टन्स २० ओहम. ती खालच्या रेझिस्टरला पॅरलल झाली की दोघांचा मिळून २० पेक्षाही कमी रेझिस्टन्स होतो आणि मोटरच्या वाट्याला ०.२ व्होल्टसुद्धा येत नाहीत. व्होल्टेज डिव्हायडर सेन्सर वाचायला, संदर्भ व्होल्टेज द्यायला उत्तम. काहीही चालवायला निरुपयोगी. त्यासाठी रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक आकड्यावर स्थिर धरणारा भाग) असतो.

कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, मी थोडक्यात सांगतो. तो दोन टोकांमधलं व्होल्टेज एकदम बदलू देत नाही. १० किलोओहममधून १०० मायक्रोफॅरड भरायला घेतला तर दोन्हींचा गुणाकार १ सेकंद, आणि तेवढ्या वेळात तो सुमारे ६३ टक्के भरतो. जवळजवळ पूर्ण भरायला त्याच्या पाचपट वेळ धरा. आयसीच्या (चिपच्या) सप्लाय पिनांना अगदी चिकटून जो छोटा सिरॅमिक '१०४' दिसतो तो ०.१ मायक्रोफॅरडचा, अचानक लागणारा करंट तो जागच्या जागी पुरवतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरची पट्टी ऋण टोकाची खूण असते. उलटा लावलात तर तापतो, फुगतो, फुटूही शकतो. आणि २३० व्होल्टच्या विजेवर चालणारा पॉवर सप्लाय सध्या उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहू शकतात.

डायोड एका दिशेने वाहू देतो. सिलिकॉनच्या साध्या डायोडवर साधारण ०.७ व्होल्ट पडतात आणि अंगावरची पट्टी कॅथोडची, म्हणजे करंट बाहेर पडतो त्या टोकाची, असते. १एन४००७ हा १ अँपिअर आणि १००० व्होल्टपर्यंतचा भरवशाचा नग, तो संग्रही असू द्या.

ट्रान्झिस्टर शिकताना आधी तो स्विच म्हणून शिका, अँप्लिफायर नंतर. बरीच पुस्तकं उलट क्रमाने जातात आणि वाचणारा तिथेच कंटाळतो. समजा आयसीच्या ५ व्होल्ट देणाऱ्या पिनवरून १२ व्होल्टचा रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) चालवायचा आहे आणि त्याची कॉइल ४०० ओहमची आहे. तिला लागतो ३० मिलिअँपिअर. बीसी५४७ ची कमाल मर्यादा १०० मिलिअँपिअर, म्हणजे जमेल. डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) गेन, म्हणजे बेस या टोकाला दिलेल्या करंटच्या कितीपट करंट तो वाहू देतो ते, १०० च्या वर लिहिलेला असतो, पण स्विच पूर्ण चालू करायचा तर मी २० च धरतो: बेसला दीड मिलिअँपिअर. बेस आणि एमिटर या दोन टोकांमध्ये ०.७ जातात, उरले ४.३ व्होल्ट, रेझिस्टर २.७ किलोओहम. हिशोब तोच, एलईडीचा. पिनांचा क्रम मात्र नगागणिक बदलतो, डेटाशीट बघूनच लावा.

आणि रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड विसरू नका, पट्टी धन बाजूला. कॉइलमधला करंट एकदम थांबायला तयार नसतो. ट्रान्झिस्टर बंद झाला की वाट शोधण्यासाठी कॉइल व्होल्टेज शेकड्यात नेऊ शकते, आणि बीसी५४७ ची सहनशक्ती ४५ व्होल्टची. डायोड त्या करंटला फिरून यायला वाट देतो. "दोन दिवस चाललं, मग आपोआप बिघडलं" अशा रिले सर्किटमध्ये मी सगळ्यात आधी हा डायोड आहे का ते बघतो.

आज एवढंच करा: एलईडी आणि रेझिस्टरचं सर्किट ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग जोडायच्या पाटीवर) लावा आणि मल्टिमीटरने बॅटरीवर, एलईडीवर आणि रेझिस्टरवर व्होल्टेज मोजा. शेवटच्या दोहोंची बेरीज पहिल्याइतकी आली पाहिजे. मग रेझिस्टरवरचा आकडा ६८० ने भागा, करंट मिळाला, सर्किट तोडावंही लागलं नाही. मीटरने थेट करंट मोजायचाच असेल तर वाट तोडून मीटर सिरीजमध्ये टाका आणि झालं की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत आणा. तो अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिला आणि पुढच्या वेळी तुम्ही बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटर म्हणजे नुसती वायर असते: बॅटरी शॉर्ट आणि मीटरचा फ्यूज गेला.