भांडार बदलले, यादी मात्र जुनीच

या खेपेस आलेले प्रश्न लिनक्सवर सॉफ्टवेअरची रिपॉझिटरी (पॅकेजे जिथून उतरवली जातात ते भांडार) बदलल्यानंतरच्या अडचणींचे आहेत. आज्ञा वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्यात.

प्रश्न (रामबाग, इंदूर): उबुंटूच्या संगणकावर मी मिररचा (भांडाराची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता बदलला. ॲप्ट या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाची 'ॲप्ट क्लीन' ही आज्ञा तीनदा चालवूनही 'अनेबल टू लोकेट पॅकेज' (पॅकेज सापडत नाही) असेच उत्तर येते.

उत्तर: आपण कोठार (कॅशे) झाडलेत, पण अडचण यादीची आहे. 'व्हार/कॅशे/ॲप्ट/आर्काइव्ह्ज' या फोल्डरमध्ये उतरवून घेतलेल्या पॅकेजांच्या डेब फाइली असतात, तर कोणत्या सर्व्हरवर कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीत आहे याच्या याद्या 'व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स' येथे असतात आणि 'क्लीन' ही आज्ञा त्यांना हातही लावत नाही. त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये एकदा 'एलएस' (फाइलींची नावे दाखवणारी आज्ञा) चालवून पाहावे. प्रत्येक यादीच्या नावाची सुरुवातच सर्व्हरच्या पत्त्याने होते, फक्त पत्त्यातल्या तिरप्या रेघांच्या जागी अंडरस्कोर आलेले दिसतात. पत्ता बदलल्यामुळे ॲप्ट आता नव्या नावाची यादी शोधते, आणि ती अजून उतरलेलीच नाही. 'सुडो ॲप्ट अपडेट' एकदा चालवावे. निरुपयोगी झालेल्या जुन्या याद्याही तीच आज्ञा काढून टाकते. आणखी एक गोष्ट तपासावी: उबुंटू 24.04 च्या नव्या स्थापनेत मुख्य पत्ते 'सोर्सेस.लिस्ट' मध्ये नसून 'सोर्सेस.लिस्ट.डी' फोल्डरमधील 'उबुंटू.सोर्सेस' या फाइलीत असतात. जुन्या सवयीने पहिल्या फाइलीत नवा पत्ता लिहिला, तर जुना पत्ताही चालूच राहतो.

प्रश्न (लोकमान्यनगर, इंदूर): कधी '404' (फाइल सापडली नाही) येते, तर कधी 'हॅश सम मिसमॅच'. दोन्हींचे कारण एकच आहे का?

उत्तर: नाही. दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाण्याचा बाजार भरणाऱ्या इंदूरच्या सराफ्यातल्या दुकानांची यादी सकाळी करून रात्री दहाला खरेदीस गेलो, तर सोनाराच्या ओट्यावर तळलेले गराडू मिळतील; '404' चा प्रकार बहुधा असाच असतो. यादीत लिहिलेली आवृत्ती सर्व्हरवरून निघून गेलेली असते आणि 'अपडेट' केल्यावर प्रश्न सुटतो. 'हॅश सम मिसमॅच' मध्ये मात्र उतरलेली फाइल आणि तिच्यासाठी नोंदवलेली खूण जुळत नाही, कारण मिररचे नूतनीकरण अर्धवट झालेले असते किंवा मधला प्रॉक्सी (आपल्या वतीने फाइली आणणारा मध्यस्थ सर्व्हर) स्वतःजवळची शिळी प्रत पुढे करतो. मिररचा दोष असेल तर तासाभराने पुन्हा प्रयत्न करावा, तरीही न जमल्यास 'लिस्ट्स' फोल्डरमधील फाइली पुसून 'अपडेट' चालवावे. कचेरीच्या जाळ्यात प्रॉक्सी असेल, तर आपल्या संगणकावर कितीही पुसापुशी केली तरी शिळी प्रत तिकडून पुन्हा येणारच; अशा वेळी 'अपडेट' ला 'ॲक्वायर::एचटीटीपी::नो-कॅशे=ट्रू' हा पर्याय जोडावा.

प्रश्न (मल्हारगंज, इंदूर): छापखान्याच्या बिलांचा सर्व्हर सेंटओएस 7 वर आहे. पत्ते व्हॉल्टचे (जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहाचे) केले, यम या तिथल्या पॅकेज-साधनाचे 'यम क्लीन ऑल' केले, तरी 'मिररलिस्ट' चा (मिररची यादी देणारा) सर्व्हर सापडत नसल्याची तक्रार येते.

उत्तर: येथे कॅशेला दोष देऊ नये. सेंटओएस 7 चा आधार 30 जून 2024 रोजी संपला, त्यानंतर ते मिररलिस्टही बंद झाले. 'यम.रेपोज.डी' मधील एखाद्या फाइलीत 'मिररलिस्ट' ची ओळ अद्याप जिवंत असणार. 'ग्रेप' ने शोधून तिच्या आरंभी हॅशचे चिन्ह (#) घालून ती बंद करावी आणि 'बेसयूआरएल' ची, म्हणजे थेट पत्त्याची, ओळ चालू करावी. 'क्लीन ऑल' फक्त चालू रिपॉझिटऱ्यांपुरते काम करते, म्हणून काढून टाकलेल्यांचा साठा 'व्हार/कॅशे/यम' मध्ये पडून राहतो. तो हाताने पुसला तरी चालतो. व्हॉल्टमध्ये सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येत नाहीत, तेव्हा बिलांचे काम या यंत्रावर फार दिवस ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): आर्च लिनक्सवर मिरर बदलल्यावर त्याच्या पॅकमन या पॅकेज-साधनाचे 'पॅकमन -एसवाय' पुरेसे आहे का?

उत्तर: नाही. 'पॅकमन -एसवायवाययू' चालवावे, म्हणजे याद्या नव्याने उतरून सगळी पॅकेजेही अद्ययावत होतात. '-एसवाय' ने नुसती यादी ताजी करून एखादेच पॅकेज बसवल्यास अर्धवट अद्ययावत झालेली यंत्रणा केव्हा रुसेल ते सांगता येत नाही.

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर): उबुंटूवरचा पीपीए (मुख्य भांडाराबाहेरचे वैयक्तिक भांडार) काढून 'अपडेट' केले, तरी त्यातले पॅकेज तसेच आहे.

उत्तर: ते राहणारच. ॲप्ट सहसा आपणहून खालच्या आवृत्तीवर उतरत नाही. 'ॲप्ट-कॅशे पॉलिसी' पुढे पॅकेजचे नाव देऊन पाहिल्यास बसवलेल्या आवृत्तीसमोर आता एकही सर्व्हर उरलेला नाही, हे दिसेल. पीपीए पुन्हा जोडून 'पीपीए-पर्ज' चालवल्यास मूळ आवृत्ती परत येते.